पाच वर्षांच्या पावत्या

तात्यांना कुणाचंही घर दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला. "भरतात का वेळेवर?"

ऑकलंडजवळच्या आमच्या पापाकुरातल्या रस्त्यावर चाळीसेक घरं. तात्यांना त्यातल्या दोघा-तिघांपलीकडे कुणाचं नाव माहीत नव्हतं, पण लेटरबॉक्सवरचे नंबर सगळे पाठ. कुणाच्या पेटीत पत्रं साठलीत, कुणाचं गवत गुडघ्याला लागलंय, कुणाच्या दारात नवी गाडी आली, हे सगळं चालता चालता टिपायचे. मी म्हणायचो, "तात्या, एक दिवस कुणीतरी पोलिसांना फोन करील." त्यावर ते पुढच्या पेटीकडे बघत म्हणायचे, "करू दे की. पोलीस भरतात का बघू."

साताऱ्याकडच्या एका गावच्या ग्रामपंचायतीत ते वसुली कारकून होते. घरपट्टी, पाणीपट्टी गोळा करायची आणि पावती फाडायची. तीस वर्षं तेवढंच केलं. बायको आधीच गेली होती. रिटायर झाल्यावर मुलीनं, वैशालीनं, इथं आणलं. ती ऑकलंड सिटीत एका बँकेत आहे, रोज ट्रेननं जाते-येते. मी भोसरीला लेथवर होतो. शाळा चौथीपर्यंत, पुढं सगळं मशीननं शिकवलं. पंधरा वर्षांपूर्वी मुलाकडे, अमोलकडे, आलो. ईस्ट टामाकीला एका गोडाऊनमध्ये खोकी भरली, गुडघे गेले तसं सोडलं. लेथवर होतो म्हणून तात्या मला मिस्त्री म्हणायचे. ते माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळे तात्या म्हणतात म्हणून मीही म्हणायचो.

हा माणूस एका जागी बसायचा नाही. खुर्चीच्या कडेला टेकायचा, चहा निम्मा प्यायचा आणि उठायचा. आमची सुमन, माझी बायको, चिडायची. "भाऊजी, कप तरी रिकामा करा." ते म्हणायचे, "वहिनी, कप संपला की माणूस निघतो. निम्मा ठेवला तर परत येता येतं." वसुलीला गेल्यावर हेच करायचे म्हणे. पहिल्या फेरीत पैशाचं नाव काढायचं नाही. म्हशीचं विचारायचं, पोरीच्या स्थळाचं विचारायचं, निम्मा चहा ठेवून उठायचं. तिसऱ्या फेरीला घरातली बाई आपणच डब्यातले पैसे काढून आणायची.

इथं आल्यावरही पाय ऐकेनात. कोपऱ्यावरच्या घरात हेमी म्हणून म्हातारा राहतो, माओरी, दाराएवढा रुंद. एकदा तात्या सरळ त्याच्या फाटकातून आत गेले, "किया ओरा" असा त्यांच्यातला नमस्कार केला आणि पायरीवर टेकले. हेमी बाहेर आला, बघितलं, आत गेला आणि दोन चहा घेऊन आला. दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. अर्ध्या तासानं मी शोधत गेलो तर तात्या त्याच्या गळक्या पन्हळीकडे बोट दाखवत होते आणि तो मान हलवत होता. येताना मला म्हणाले, "चांगला माणूस आहे. दोन हप्त्यांत भरत असणार."

त्यांच्या पगाराचा कायदा मला पहिल्यांदा कळला तो बसस्टॉपच्या बाकावर.

"आमचा पगार दोन तुकड्यांत," तात्या म्हणाले. "एक तुकडा पंचायत देणार. तो मिळाला तर मिळाला. दुसरा शासन देणार, पण त्याला अट. गावाची वसुली ठरलेल्या टक्क्याला पोचली तर तुकडा पूर्ण. नाही पोचली तर त्या मानानं कापून. आणि माझा एकट्याचा नाही, चौघांचा. मी, पाणी सोडणारा मारुती, झाडणारी शांताबाई आणि शिपाई."

"म्हणजे गावानं पट्टी बुडवली की झाडणारीचा पगार कमी?"

"हो."

"तिनं काय केलं?"

"झाडलं."

मी म्हणालो, हा कायदा ज्यानं केला त्याला लेथच्या चकात धरून फिरवला पाहिजे. तात्या हसले नाहीत. उठून बसचं वेळापत्रक वाचायला लागले. आम्हाला कुठं जायचं नव्हतं.

वैशालीच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. तात्यांच्या गळ्यात हार, अंगावर शाल, हातात नारळ. पाच वर्षं सलग टक्का गाठला म्हणून जिल्ह्याला सत्कार झाला त्याचा. घरी कुणीही आलं की वैशाली दाखवायची. "माझे बाबा. कधी कुणाला शिवी दिली नाही, कुणाच्या घरातलं भांडं उचललं नाही, तरी सगळं गाव भरायचं." तिची पोरं कंटाळायची. "मम, वी नो." तात्या कायम त्या भिंतीकडे पाठ करून बसायचे. मला वाटायचं, माणूस लाजतोय.

मग एका दुपारी ते आमच्या अंगणात असताना मारुतीचा फोन आला. तात्यांनी सवयीनं स्पीकर लावला. आपली दुपार म्हणजे तिकडं पहाट. मारुती व्हॉल्व्हवर होता, मागं पाण्याचा आवाज.

"तात्या, मुंबईला समिती बसलीया. पगाराची टक्क्याची अट काढायची का ठेवायची ते ठरीवत्यात. आमी अर्ज दिला, तर सायब म्हनतो, तुमच्याच गावात पाच वर्सं टक्का भरला हुता. मंजी भरता येतोय, तुमीच आळशी. तुमचं उदाहरन आख्ख्या जिल्ह्याला देत्यात, तात्या."

"मग मी काय करू?"

"जे झालं ते लिवून द्या. मला म्हाईत हाय की. माझ्यासमूर तर फाडायचा."

तात्या म्हणाले, "आवाज येत नाही रे," आणि फोन बंद केला. आवाज खणखणीत येत होता.

मी विचारलं, "काय फाडायचात?"

तात्यांनी अंगणात फेऱ्या मारल्या. मग कुंपणाकडे तोंड करून बोलले. "गाव कधीच भरत नव्हतं, मिस्त्री. मार्चअखेर आली की दहा-पंधरा घरं राहायची. देणारच नाहीत अशी नाहीत, देऊ न शकणारी. मग मी माझ्या खिशातनं त्यांची भरायचो. त्यांच्या नावानं पावती फाडायचो. थोडे मी घातले की चौघांचा तुकडा पूर्ण यायचा. पाच वर्षं केलं."

"आणि शाल?"

"शाल आपोआप आली."

"मग द्या की लिहून. खाल्लं तर नाही ना?"

"खाल्लं असतं तर सांगायला सोपं होतं," तात्या म्हणाले. "मी घातलेल्या पैशामुळं कागदावर गाव श्रीमंत झालं. आता तोच कागद मारुतीच्या तोंडावर फेकतायत. आणि वैशू त्या फोटोवर मोठी झालीय. तिला काय सांगू?"

त्या दिवशी चहाला हातही लावला नाही.

त्यानंतर तात्यांना नवाच चाळा लागला. आमच्या घराचं कौन्सिलचं बिल आलं. रेट्स म्हणतात त्याला, म्हणजे घरपट्टीच. तात्यांनी अमोलला विचारलं, वसुलीला कोण येतं? अमोल म्हणाला, कुणी नाही, बँकेतून आपोआप जातं. "मग तिथल्या माणसाचा पगार कशावर?" अमोल म्हणाला, "पगारावर, काका. फिक्स असतो." तात्यांना पटेना. शेवटी अमोल आम्हा दोघांना कौन्सिलच्या काउंटरवर घेऊन गेला. एक तरुण बाई होती, हसरी. अमोलनं तात्यांचा प्रश्न इंग्रजीत विचारला, लोकांनी भरलं नाही तर तुमचा पगार कापतात का? तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, नो, हीप्स ऑफ पीपल उशिरा भरतात, त्यांना दंड लागतो, माझा त्याच्याशी काही संबंध नाही.

परत येताना तात्या गाडीत खिडकीची काच वर-खाली करत बसले होते. अमोल म्हणाला, "काका, बघा, इथला कायदा बरा." तात्या म्हणाले, "बरा आहे. मारुतीला हाच पाहिजे." काच खाली. "पण त्या पोरीला एका तरी घरचं माणूस आजारी आहे का, हे माहीत असेल का रे?" काच वर. "नसू दे. पोट भरून झोपते ना? तेच बरं." पुढच्या सिग्नलला परत, "तरीपण." अमोलनं आपल्या बाजूच्या बटणानं काच लॉक केली.

मी म्हणालो, "तात्या, कायद्याचं सोडा. तुम्हाला लिहायचं नाही म्हणून तुम्ही गावभर हिंडताय." तोंडावर बोललो. ते आठ दिवस आमच्याकडे आले नाहीत.

आले ते सुमन गेली तेव्हा.

जुलैत गेली. फुफ्फुसात पाणी झालं, चार दिवसांत संपलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आणि दवाखान्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी मिळाली, तिच्या बांगड्यांची. लोकांचे फोन यायचे, धीर धरा म्हणायचे. कशाला धरायचा आणि कुठं, ते कुणी सांगत नव्हतं. मी फोन उचलायचा बंद केला.

तात्या रोज सकाळी दहाला यायचे आणि मागच्या पायरीवर बसायचे. इथं जुलैत हिवाळा, थंडी मरणाची. पायरीशेजारी सुमनच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, होत्या, कपडे वाळत घालताना घालायची त्या. त्या त्यांनी हलवल्या नाहीत, त्यांच्या बाजूला बसायचे. एका जागी न बसणारा माणूस दुपारपर्यंत हलायचा नाही. बोलायचा नाही. नात मला सांगायची, "आजोबा, तात्या इज हिअर अगेन," आणि शाळेत जायची.

तिसऱ्या दिवशी मी भडकलो. "काय बसलाय? घरी जा. मला कुणी नको."

"हे माझं काम आहे," तात्या म्हणाले.

"कसलं काम?"

"माणूस गेलेल्या घरी तेरा दिवस पट्टी मागायची नाही. नुसतं जाऊन बसायचं. तीस वर्षं पाळलंय."

"माझी पट्टी अमोल भरतो."

त्यांनी मान हलवली आणि बसून राहिले. मी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं उघडलं आणि शेजारी बसलो. तिथून पुढं रोज दोघं बसायचो. मी खोटं कशाला सांगू, त्या तेरा दिवसांत मी जगलो तो त्या पायरीवर. घरात नाही.

चौदाव्या दिवशी तात्या पुढच्या दारानं आले. बसले नाहीत. म्हणाले, "मिस्त्री, आज मागायला आलोय."

मग त्यांनी सहाव्या वर्षाचं सांगितलं, जे मारुतीलाही नीट माहीत नव्हतं. सत्काराच्या पुढच्या वर्षी वैशालीचं इंजिनिअरिंग सुरू झालं. सगळे पैसे तिच्या ॲडमिशनला गेले. मार्च आला तेव्हा खिशात घालायला काही नव्हतं. त्यातच अंजना म्हणून बाईचा नवरा वारला. बाईकडं पैसे होते, मयताला जमलेल्या भावकीनं दिलेले. मागितले असते तर तिनं दिले असते आणि त्या वर्षी थोडक्यात अडलेला टक्का त्या एका घरानं गाठला असता. तात्या तिच्या ओट्यावर तेरा दिवस बसले आणि तेवढ्यात मार्च संपला. चौघांचे पगार कापले गेले. शांताबाईनं तात्यांना विचारलं, "दर वर्षी जमतं, औंदा काय झालं?" तात्या तिला म्हणाले, लोक बदमाश झालेत.

"गावाला बदमाश म्हणालो, मिस्त्री. स्वतःला वाचवायला. ते डाचतंय."

"मग लिहा."

"तेच मागायला आलोय. माझा हात खोटं लिहायला शिकलाय. पेन धरला की उपरोक्त, सदरहू, निदर्शनास आणून देण्यात येते असंच येतं. खरं लिहायला बसलो तरी टिपणी होते. तुम्हाला तसलं येत नाही. तुम्ही लिहा."

मी म्हणालो, मला धड वेलांट्या येत नाहीत. ते म्हणाले, चालेल.

आम्ही रोज दुपारी बसायला लागलो. वैशालीला वाटायचं पत्ते खेळतायत. तात्या फेऱ्या मारत सांगायचे, मी नातीच्या वहीत लिहायचो. माझं एक वाक्य लिहून होईपर्यंत त्यांच्या चार फेऱ्या व्हायच्या.

"लिहा, सदर रक्कम माझ्याकडून अनवधानाने..."

"अनवधानानं? पाच वर्षं?"

"बरं. परिस्थितीवश."

"तात्या, तुम्ही मुद्दाम केलंत."

थांबायचे. खिडकीबाहेर बघायचे. "लिहा, मुद्दाम केलं." आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, ते पान फाडा, परत करू. असं सहा वेळा. मला माझं घर खायला उठत होतं, म्हणून मीही परत परत लिहायचो. सातव्या वेळी मी वहीवर हात ठेवला. म्हणालो, "आता फाडलंत तर मी नाही लिहिणार. गेलेलं माणूस परत लिहून काढता येत नाही, मला विचारा. ह्यात मारुती जिवंत आहे अजून." जरा जास्तच बोललो. पण ते पान राहिलं.

एका पानाचं झालं. मी पाच वर्षं गरीब घरांची पट्टी माझ्या पैशानं भरली. टक्का खोटा होता. गाव भरू शकत नव्हतं. सहाव्या वर्षी माझ्याकडं पैसे नव्हते म्हणून टक्का पडला, आळशीपणानं नाही. माझी शाल परत घ्या पण मारुतीचा पगार माझ्या खोट्या पावत्यांवर ठरवू नका. खाली घरांची नावं. अमोलनं इंग्रजी करून दिलं आणि म्हणाला, सही इथल्या अधिकारी माणसासमोर करावी लागेल, हे इंग्रजी त्याला वाचायला. समितीची मुदत महिनाअखेरपर्यंत होती.

पापाकुराच्या लायब्ररीत असे शिक्का मारणारे लोक ठरलेल्या वारी बसतात, जे.पी. म्हणतात. त्या दिवशी एक म्हातारी बाई होती, जाड स्वेटर, चष्मा दोरीला. तिनं इंग्रजी कागद वाचला, दोनदा. मग तात्यांकडे बघून विचारलं, "इज इट ट्रू?"

मी म्हणालो, "विचारतेय, खरंय का."

तात्यांनी पेन घेतला आणि खाली ठेवला. "एक मिनिट सांगा तिला." फोन काढून वैशालीला लावला. सवयीनं स्पीकरच.

"बाबा? मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"वैशू, हॉलमधला फोटो खोटा आहे."

"काय?"

"गाव भरत नव्हतं. मी भरायचो. पाच वर्षं. आता ते लिहून देतोय, इथं बाई शिक्का घेऊन बसलीय. सही करायच्या आधी तुला कळलं पाहिजे."

पलीकडे दार उघडल्याचा, चालल्याचा आवाज आला. म्हातारीनं हातातलं सगळं खाली ठेवलं होतं. तिला भाषा कळत नव्हती, पण ती घाई करत नव्हती.

"बाबा, पाच वर्षं म्हणजे माझ्या ॲडमिशनपर्यंत. त्या वर्षी का थांबलात?"

तात्या टेबलावरचा पेन सरळ करत राहिले.

"बाबा, मी विचारतेय."

"का थांबलो ते तुला माहीत आहे."

ती म्हणाली, "मी सगळ्यांना सांगत होते. इतकी वर्षं. तुम्ही समोर बसून ऐकत होता."

"हो."

"करा सही," ती म्हणाली आणि फोन ठेवला. रागानं म्हणाली की कशानं, मला कळलं नाही. तात्यांनाही नाही. त्यांनी सही केली. कारकुनाची सही, लांब शेपटीची, पण शेपटी मध्येच तुटली.

शिक्का मारून झाल्यावर ते मला म्हणाले, "विचारा, हिचा पगार कशावर?" मी लाजतलाजत विचारलं. बाई म्हणाली, काही नाही. कायद्यानं एक नाणंही घेता येत नाही. तात्या तिच्याकडे बघतच राहिले. "मग बसते कशाला, विचारा." बाई पुढच्या माणसाला हात करत म्हणाली, "समबडी हॅज टू, लव्ह."

बाहेर आलो तेव्हा दोन वाजले होते. मी म्हणालो, घरी चला. तात्या स्टेशनकडे वळले. "वैशू साडेपाचच्या गाडीनं येते."

"अहो, साडेतीन तास आहेत."

"लवकर निघाली तर?"

"मग घरीच येईल की."

"घरी नको. तिथं भिंत आहे. मला तिचं तोंड आधी बाहेर बघायचंय."

मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर थांबलो. दुसऱ्या दिवशी मला वेलिंग्टनला मुलीकडे जायचं होतं, महिनाभर. मी परतलो तेव्हा तात्या गावी गेले होते, समितीपुढं उभे राहायला. उभे राहिलेही. मारुती सांगतो, पाच मिनिटं ऐकून घेतलं, कागद फायलीत लावला. निकाल अजून नाही. तात्या त्यानंतर महिन्यानं गावातच वारले, झोपेत. वैशालीला मी त्या दिवसाबद्दल विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही.

मला ते दिसतात ते त्या प्लॅटफॉर्मवर. गुडघे दुखायला लागले तसा मी निघालो आणि पुलावर जाऊन दम खायला थांबलो. खाली तात्या हात मागं बांधून फेऱ्या मारत होते. गाडी आली की उभे राहायचे, कोटाची बटणं लावायचे, उतरणारा एकेक माणूस बघायचे. गाडी गेली की बटणं काढायची आणि परत फेऱ्या. तीन गाड्या मी मोजल्या. चौथी लांबून दिसली, तेव्हा साडेतीनही झाले नव्हते, वैशूच्या रोजच्या गाडीला दोन तास होते. ह्या वेळी त्यांनी बटणं लावली नाहीत. गाडी थांबायच्या आत ते तिच्या एका दाराकडे बघत चालायला लागले होते.